तलवारी उपसल्यावर सगळे एका जागी का उभे राहतात? साहसी रोलप्लेइंग खेळ टेबलावर चालवण्याची पद्धत

पहिल्यांदा सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, झालो तेव्हा एका पोराचं पात्र माडीच्या सज्जावरून खाली उभ्या घोड्यावर उडी मारायला निघालं. सगळे पुढे सरकून बसले. मी म्हणालो, आधी उडीचं दान टाक. पडलं. आता घोड्यावर नीट बसलास का, त्याचं टाक. तेही पडलं. आता बुजलेला घोडा आवरायचं टाक. ते नाही पडलं आणि मी त्याचा पाय मोडला. पुढचे दोन तास त्या टेबलावरच्या एकाही पात्राने जमीन सोडली नाही. दारात उभं राहायचं, "मी वार करतो" म्हणायचं, फासे टाकायचे आणि शेजाऱ्याकडे बघायचं.

माझी चूक साध्या गणिताची होती. एक दान पडायची शक्यता ७२ टक्के धरली, तर तशी तीन लागोपाठ पडायची शक्यता ३७ टक्केच उरते. जागेवर उभं राहून वार करायला मात्र एकच दान लागतं. तोंडाने मी शौर्याच्या गोष्टी सांगत होतो आणि भाव असा लावला होता की शहाण्या माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहावं. पोरं शहाणी होती, ती उभी राहिली.

त्यानंतर लातूरच्या आणि आसपासच्या बऱ्याच नव्या सूत्रधारांच्या टेबलाला बसलो. सगळीकडे तक्रार एकच: तलवारी निघेपर्यंत मजा येते, निघाल्या की कंटाळा. पुढची पद्धत त्यांच्यासाठी आहे. एक जण सूत्रधार (गेम मास्टर, आम्ही जीएमच म्हणतो), बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलणारे, आणि जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासे, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

१. माणसं, वेळ आणि आधीचा करार

चार खेळाडू आणि एक सूत्रधार. तिघांवर चालतं. सहा जण बसले की तलवारबाजीत आपली पाळी यायला एवढा वेळ लागतो की तोवर तिघांचे मोबाइल बाहेर येतात. तीन तास पुरतात. आमच्याकडे बहुतेक पोरं क्लासवाली, रविवारची टेस्ट झाल्यावरच मोकळी होणारी, म्हणून आम्ही पाच ते आठ बसतो. उन्हाळ्यात त्याच्या आधी गच्चीवर बसण्याचा प्रश्नच नाही.

सुरुवातीला दहा मिनिटं करारासाठी ठेवा. तीन गोष्टी मोठ्याने बोलून घ्यायच्या. पहिली, पात्र मरू शकतं का? माझं उत्तर असतं: खेळाडूने स्वतः मान्य केलं तरच. एरवी हरलेला माणूस पकडला जातो, लुटला जातो, पाण्यात फेकला जातो, चारचौघांत त्याचं हसं होतं. मरणाची टांगती तलवार काढली की बाकीच्या तलवारी मोकळ्या चालतात.

दुसरी, खेळ कोणत्या काळात आणि कुणाच्या बाजूने. मराठवाड्यात १६२० च्या आसपासचा काळ घेतलात तर एकीकडे मलिक अंबरची निजामशाही, दुसरीकडे विजापूरची आदिलशाही आणि उत्तरेकडून मोगल. मराठे सरदार तिन्ही चाकऱ्यांत होते. म्हणून शत्रूचा धर्म किंवा जात ठरवून खेळाला बसू नका. शत्रू म्हणजे एक ठरावीक माणूस आणि त्याला हवी असलेली एक ठरावीक वस्तू. तिसरी, ज्यांच्या नावाने लोक हात जोडतात अशी ऐतिहासिक माणसं कुणी पात्र म्हणून घ्यायची नाहीत. ती पडद्यामागे राहू द्या, त्यांचा निरोप येऊ शकतो. त्यांच्यासाठी फासे टाकायला लागलं की खेळ थांबतो आणि वाद सुरू होतो. हे मी दोनदा पाहिलं आहे.

खबरदार: "असं बघ, अशी उडी मारली" म्हणत कुणी कठड्यावर चढायचं नाही. काठ्या, छत्र्या, पट्ट्या खालीच ठेवून यायचं. उड्या फक्त तोंडाने.

२. साहित्य

प्रत्येकी दोन साधे सहा बाजूंचे फासे. लुडोच्या डब्यातले चालतात. वीस बाजूंचे फासे मागवायच्या भानगडीत पडू नका, त्या नादात खेळ महिनाभर पुढे जातो. एक परात घ्या आणि तिच्यात रुमाल अंथरा. परातीमुळे फासे गच्चीच्या नळीत जात नाहीत आणि रुमालामुळे खालच्या मजल्यावरचे काका वर येत नाहीत. तीस-चाळीस चिंचोके लागतील, ते कशाला हे पुढे येतं. कोरे कागद, पेन्सिली, आणि लाइट जाणारच असं धरून एक चार्ज केलेला दिवा.

नकाशा छापून आणू नका. सुंदर चौकटींचा नकाशा टेबलावर आला की पोरं चौकटी मोजायला लागतात आणि नकाशात जे काढलेलं नाही ते जगातही नाही असं धरून चालतात. पाठकोऱ्या कागदावर सूत्रधाराने हाताने काढलेलं वाकडंतिकडं चित्र बरं. त्यात कुणीही "इथे एक खिडकी असेल ना?" असं विचारून खिडकी वाढवू शकतो.

३. नियम: एका पानात बसतील एवढेच

प्रत्येक पात्राला चार गुण: हात (हत्यार चालवणं), पाय (उड्या, पळणं, चढणं), जीभ (थापा, टोमणे, आर्जवं) आणि डोळा (हेरणं, नेम, सावधपणा). यांत एकाला +२, दोघांना +१, एकाला ०.

दोन फासे टाका, बेरजेत गुण मिळवा. १० किंवा जास्त आलं तर हवं ते झालं. ७ ते ९ आलं तर झालं, पण किंमत मोजावी लागेल. ६ किंवा कमी आलं तर आता सूत्रधार काहीतरी घडवणार.

आकडे एकदा डोक्यात बसवा, म्हणजे उगाच भीती वाटत नाही. गुण ० असेल तर पूर्ण यश १७ टक्के, किमतीसह यश ४२, फसणं ४२. गुण +१ असेल तर २८, ४४, २८. गुण +२ असेल तर ४२, ४२ आणि फसणं फक्त १७. (कुठे बेरीज १०१ येते ती पूर्णांक धरल्यामुळे.) या खेळात सर्वांत जास्त वेळा जे घडतं ते "झालं, पण...". सूत्रधाराची खरी तयारी या 'पण'ची हवी. किमती आधीच लिहून ठेवा: हत्यार हातातून सुटतं, शेला अडकतो, कुणीतरी ओळखतं, मशाल विझते, सोबती दाराच्या पलीकडे अडकतो, शत्रूला एक पाऊल पुढे मिळतं. दहा-बारा असल्या की संध्याकाळ निघते.

आता चिंचोके. सुरुवातीला प्रत्येकाला दोन. एक चिंचोका परातीत टाकला की दोनाऐवजी तीन फासे टाकायचे आणि त्यातले चांगले दोन धरायचे. ० गुणाच्या माणसाचं पूर्ण यश त्याने १७ वरून ३६ टक्क्यांवर जातं, दुपटीहून जास्त. चिंचोका परत कसा मिळतो? धाडस केलं की. दान पडो न पडो, कुणी जमीन सोडली, शत्रूला तोंडावर टोमणा मारला, स्वतःच्या खोडीमुळे स्वतःलाच गोत्यात आणलं की सूत्रधाराने लगेच, न विचारता, चिंचोका पुढे सरकवायचा. फसलेल्या उडीलाही चिंचोका मिळतो हे एकदा कळलं की पोरं खाली उतरायचं नाव घेत नाहीत.

तपासा: पहिल्या तासात तुम्ही किती चिंचोके वाटले? सहापेक्षा कमी असतील तर तुम्ही कंजूस आहात. खेळ कंटाळवाणा वाटतोय तो त्यामुळेच.

४. पात्रं: एकटा लांडगा नको

नवा खेळाडू हमखास तोंड झाकलेला, कुणाशी न बोलणारा, आईबाप मेलेला सूडकरी घेऊन येतो. त्याला नातं नाही, कर्ज नाही, आवड नाही, त्यामुळे त्याला कशात ओढताही येत नाही. तो कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांवर संशय घेतो.

म्हणून कागदावर गुणांखाली चार ओळी सक्तीने लिहून घ्या, आणि याच क्रमाने. आधी हौस किंवा खोड: पैज लावल्याशिवाय राहवत नाही, सुंदर घोडा दिसला की पाय थांबतात, कुणी नाकावरून चिडवलं की भान सुटतं. मग शब्द: कुणाला काय वचन दिलं आहे. मग उजव्या हाताला बसलेल्याच्या पात्राशी नातं: मेहुणा, सावकार, जुना शागीर्द, एकदा जीव वाचवलेला. शेवटी एक खूण, जी गर्दीतही ओळखू येते: हिरवा मंदील, कानातली भिकबाळी, खोटी मिशी.

आमच्या टेबलावर आलेली चांगली पात्रं सांगतो: कर्ज बुडवून पळालेला परगण्याचा कारकून, ज्याची जीभ +२ आणि हात ०. तुळजापूरच्या यात्रेत बांगड्या विकणारी आणि त्या पेटीत खलिते नेणारी बाई. दौलताबादेची चाकरी सोडलेला हबशी घोडेस्वार. संबळ वाजवत कुठल्याही वाड्यात शिरणारा गोंधळ्याचा पोरगा. चौघांत खऱ्या अर्थाने तलवारबाज एकच, तो हबशी. तरी तलवारबाजीचा खेळ त्यांनीच सर्वांत छान खेळला, कारण प्रत्येकाला मारामारीत हाताशिवाय दुसरं काहीतरी करण्याजोगं होतं.

५. तयारी: गोष्ट लिहू नका, जागा लिहा

बहुतेक नवे सूत्रधार इथे अडकतात, म्हणून जरा थांबतो.

रात्र जागून तुम्ही लिहिता: "मग ते किल्ल्यात शिरतात, मग त्यांना खलिता सापडतो, मग हवालदार त्यांना पकडतो." दुसऱ्या दिवशी खेळाडू किल्ल्यात शिरतच नाहीत, ते हवालदाराच्या मेव्हण्याला दारू पाजतात. तुमची पाच पानं वाया गेली आणि तुम्ही रागाने त्यांना किल्ल्याकडे ढकलायला लागता. ढकललेला खेळाडू धाडस करत नाही, तो फक्त मागे चालतो.

त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: कुणाला काय हवं आहे, खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होईल, आणि जिथे तलवारी निघतील अशा दोन जागा. जागेला मी सर्वांत जास्त वेळ देतो. नळदुर्गाचं उदाहरण घ्या. बोरी नदीवरचा बांध नळदुर्ग आणि त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांना जोडतो. त्या बांधाच्या पोटात १६१३ चा पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहून पाण्याचा पडदा बघतो. धो-धो आवाजात हाक ऐकू येत नाही, पायऱ्या अरुंद, दगड ओला. एवढी तयार रंगभूमी असताना लोक परदेशातल्या खानावळी आणि झुंबरं कशाला आणतात, मला समजत नाही. लातूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. शक्य असेल तर पावसाळ्यात जाऊन या आणि जिना चढताना खांदे कुठे घासतात ते बघून ठेवा.

मग कागदावर जागेतल्या वस्तू लिहा. वर चढण्याजोगं काही: दुरुस्तीसाठी बांधलेली परांची. लटकण्याजोगं: मोटेचा नाडा. घसरवणारं: शेवाळलेल्या पायऱ्या. सांडणारं आणि पेटणारं: तेलाचे बुधले. पडलो तर झेलणारं: घोड्यांसाठी आणलेल्या कडब्याची गंजी. बघणारं: किल्लेदाराकडे आलेलं वऱ्हाड. शेवटचं विसरू नका. बघायला कुणी नसेल तर टोमणा मारण्यात मजा नाही आणि हरण्यात लाजही नाही.

हत्यारांनाही जागेशी बांधा. दांडपट्ट्याला फिरायला मोकळी जागा लागते. बांधावर तो चौघांना भारी, पण पाणीमहालाच्या जिन्यात त्याचं पातं भिंतीला लागणार. तिथे कट्यार जिंकते. तोडेदार बंदूक भरायला एवढा वेळ लागतो की एका प्रसंगात एकदाच उडते, आणि तिचा तोडा, म्हणजे दारू पेटवणारी जळती वात, ओला झाला की तीही नाही. पाण्याचे तुषार उडताहेत तिथे बंदूकवाला फक्त जड काठी घेऊन उभा असतो. यासाठी वेगळे नियम नकोत. "इथे पट्टा चालवायला दान टाकण्याआधी जागा करून घ्यावी लागेल", एवढं सांगितलं तरी खेळाडू शत्रूला जिन्यातून बाहेर ओढायच्या युक्त्या सुरू करतात.

शेवटी एक घड्याळ काढा: सहा रिकाम्या चौकटी. माझ्या खेळात सहावी भरली की बांधावरून पाणी चढतं आणि रणमंडळाकडे जायची वाट बंद. दर वेळी कुणी रेंगाळलं किंवा दान फसलं की एक चौकट काळी करायची, सगळ्यांसमोर. लपवलेलं घड्याळ कुणाला घाबरवत नाही.

खबरदार: काळाचे घोटाळे. १६२० सालच्या खेळात दौलताबादेची मेंढा तोफ आणू नका, तिच्यावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं आहे. वरची बारादरी शाहजहानच्या वेळची. बीबी का मकबरा तर अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. चहाची टपरीही नाही. तंबाखू मात्र खुशाल ओढा: अकबराच्या दरबारात ती विजापूरहूनच गेली, १६०४ च्या सुमारास. दौलताबाद हवीच असेल तर खंदक, कापून उभा केलेला कडा आणि अंधेरी नावाचा काळोखा भुयारी मार्ग एवढ्यावर दोन रविवार निघतात.

६. खलनायक

एकच पुरे. त्याला तलवार चांगली येते, त्याहून बोलणं चांगलं येतं, आणि हरायला लागला की तो निघून जातो. पहिल्या भेटीत तो मरू नये म्हणून फासे लपवून खोटं बोलू नका, पोरांना ते कळतं. त्याऐवजी आधीच ठरवा की तो कुठून पळणार, आणि ती वाट खेळाडूंना दिसेल अशी ठेवा. त्यांनी ती आधीच अडवली तर शाबास म्हणा, आणि तो पकडला जाऊ द्या. पकडलेला खलनायक मेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा असतो.

त्याच्या शिपायांना वेगवेगळं मोजू नका. चार-पाच शिपायांची एक टोळी, एक चांगलं दान पडलं की ती उधळली. कोण कुठे पडला हे खेळाडूला सांगू द्या.

७. डाव सुरू: पाळीचा क्रम

सुरुवात मधूनच करा. "तुम्ही एका सरायीत बसला आहात" यापेक्षा "परांचीचा बांबू कडाडला, खाली निळ्या मंदिलाचा सरदार खलिता घेऊन जिन्याकडे पळतोय, तुम्ही चौघं वर, काय करता?" असं. खलिता कशाचा ते मागून सांगता येतं.

यापुढे प्रत्येक पाळीला हाच क्रम, न चुकता:

एक, खेळाडू सांगतो की त्याला काय हवं आहे आणि ते तो कसं करणार आहे. दोन्ही. "मी पायाचं दान टाकतो" हे वाक्य आमच्याकडे बाद आहे.

दोन, सूत्रधार जोखीम उघड सांगतो. फसलं तर काय होईल, दान टाकण्याआधी.

तीन, खेळाडू मागे फिरू शकतो, बेत बदलू शकतो, किंवा "होऊ द्या" म्हणतो.

चार, एकच दान. उडी, उतरणं, घोडा आवरणं, सगळं त्यात आलं.

पाच, निकाल, आणि निकालानंतर जागा आधीसारखी राहत नाही.

हे बोलताना असं दिसतं:

"काय करायलास?"
"नाडा धरून खाली जायलो, सरदाराच्या पुढ्यात."
"कशासाठी? अडवायला की खलिता हिसकायला?"
"हिसकायला. जाता जाता."
"बरं. फसलं तर नाडा तुटणार, तू थेट कडब्यात, आणि वऱ्हाडासमोर. टाकतोस?"
"लै झालं तर कडबाच ना? टाकतो."

आठ आलं. खलिता हातात आला, पण अर्धाच. उरलेला सरदाराच्या मुठीत फाटून राहिला. इथून गोष्ट कुठे जाणार हे मलाही माहीत नव्हतं. ती पुढे तीन रविवार त्या फाटलेल्या कागदामागे गेली.

दुसरी पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात. त्यांना वाटतं, जोखीम आधी सांगितली तर रहस्य जातं. उलट घडतं. न सांगितलेली जोखीम खेळाडू स्वतः कल्पतो आणि त्याची कल्पना नेहमी मरणापर्यंत जाते. "कडब्यात पडशील" हे ऐकल्यावर तो हसून उडी मारतो. आणि जोखीम खरंच मोठी असेल, "फसलं तर तुझी बहीण त्यांच्या हाती लागेल" अशी, तर टेबलावर जी शांतता पसरते ती कुठल्याही लपवाछपवीने येत नाही.

तपासा: सलग दोन पाळ्या कुणी फक्त "वार करतो" म्हणालं का? त्याच क्षणी जागा हलवा. परांची कलू द्या, वऱ्हाडातली म्हातारी मध्ये येऊ द्या, मशाल बुधल्याजवळ पडू द्या. खेळाडूला उपदेश करू नका.

८. तलवारबाजी: आधी दम, मग जखम

प्रत्येक पात्राला पाच दम. खलनायकालाही पाच, टोळीला काहीच नाही. फटका बसला की एक दम जातो. दम जाणं म्हणजे जखम होणं नव्हे: शेला फाटला, पाय घसरला, पाठ खांबाला लागली. पाचही गेले की पुढचा फटका खरा, आणि तिथे खेळाडूने निवडायचं: जखम घेऊन पडतो, शरण जातो, की पळतो. शंभर-शंभर ताकदीचे आकडे घेऊन बसलात तर दोन माणसं एकमेकांना अर्धा तास कापत राहतात आणि कुणाच्याच अंगावर काही दिसत नाही.

दम कमी करायचे तीन मार्ग, ते भिंतीवर लिहून लावा. हात वापरून हत्यारानं. पाय वापरून जागेनं, म्हणजे पायरीवरून ढकललं, परांची पाडली. जीभ वापरून टोमण्यानं, पण टोमणा खेळाडूने तोंडाने मारायचा. आमचा कारकून सरदाराला म्हणाला, "हुजूर, तलवार विजापूरची आणि धार मात्र उसनवारीची दिसते." दहा आलं, सरदाराचा दम गेला आणि तो चिडून चुकीच्या पायरीवर आला. हात ० असलेल्या माणसाने त्या रात्री सर्वांत जास्त दम घालवले.

खलनायकासाठी सूत्रधाराने फासे टाकायचेच नाहीत. खेळाडू सात ते नऊवर आला किंवा फसला की खलनायकाचा फटका बसतो, एवढंच. त्यामुळे फासे नेहमी खेळाडूच्या हातात राहतात आणि पाळी लवकर फिरते. एक हातघाईचा प्रसंग वीस मिनिटांच्या आत संपायला हवा. पंचविसावं मिनिट लागलं की सरदाराला पळवा.

९. पाठलाग

पाठलागात अंतर मोजू नका. तीन अडथळे ठरवा आणि प्रत्येक अडथळा वेगळ्या गुणाने ओलांडता येईल असा ठेवा: बाजारातली बैलगाडी, बंद होत असलेला दरवाजा, खोटी साक्ष देणारा पानवाला. तीनांपैकी दोन पार केले की गाठलं. गावातला पाठलाग असेल तर भुयारी नहरी हाताशी ठेवा. अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणी जमिनीखालून आणलेलं होतं. गुडघाभर पाणी, काळोख आणि पुढे कुठेतरी शत्रूच्या पावलांचा आवाज.

१०. दान फसल्यावर

"काही होत नाही" हे उत्तर कायमचं सोडा. कुलूप उघडलं नाही, पुढचा टाकतो, त्याचंही उघडलं नाही, मग तिसरा. पाच मिनिटं चार माणसं एका दाराशी. त्यापेक्षा फसलं तर कुलूप उघडतं, पण आतून.

फसण्यात पात्राला मूर्ख करू नका. निष्णात पट्टेकरी स्वतःच्या पायात अडखळला, असं दोनदा सांगितलं की तो खेळाडू पुढच्या रविवारी येत नाही. पाऊस जोरात आला, शत्रू अपेक्षेपेक्षा चलाख निघाला, दोर जुना होता. दोष जगाचा, परिणाम पात्राचा. आणि फसलेल्याला चिंचोका दिलात का?

११. खेळाडूंनी करायच्या चुका कमी करा

हा भाग सूत्रधाराने वाचून दाखवावा. दुसऱ्याच्या पाळीला त्याला युक्त्या सुचवू नका, तो आपोआप तुमचं बाहुलं होतो. बेत आखण्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. आमच्याकडे वाळूचं घड्याळ उलटं करतात, वाळू संपली की पहिली गोळी सुटते. सोबत्याला तुमच्या खोडीमुळे अडकवायचं असेल तर आधी त्याच्याकडे बघून विचारा, "चालेल ना?" आणि चिंचोके साठवू नका. शेवटी पाच चिंचोके घेऊन हरलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला ते घरी न्यायचे होते की काय कोण जाणे.

१२. उठण्याआधी

साडेसातला तलवारी म्यान करायला लावा, प्रसंग अर्धा असला तरी. उरलेल्या अर्ध्या तासात प्रत्येकाकडून एकच गोष्ट घ्या: पुढच्या वेळी त्याच्या पात्राला काय हवं आहे. ते त्याच्याच शब्दांत कागदामागे लिहा. तुमची पुढची तयारी तिथूनच सुरू होते, म्हणून त्या चार ओळी वाचल्याशिवाय जागा किंवा खलनायक ठरवू नका. घड्याळाच्या किती चौकटी भरल्या, कुणाचा किती दम उरला आणि खलिता (किंवा त्याचा अर्धा तुकडा) नेमका कुणाजवळ आहे, हेही तिथेच टिपा. आठवड्यानंतर चौघं चार वेगवेगळी उत्तरं देतात. चिंचोके मोजून डब्यात परत टाका, पुढच्या डावाला सगळे पुन्हा दोनांवरून सुरू करतील.